सोमवारवाले सर

मंडळी, आज दुपारी दिग्रसला आमच्या वानखडे सरांच्या मुलीकडे गेलते. सर जाऊन बरीच वर्षं झाली. तिनं एक जुनी वही माझ्या हातात ठेवली. "शकूताई, तुमच्या वर्गाचीच दिसते. पाह्यता का?"

साठ-बासष्टच्या सुमारास आम्ही सहा पोरींनी मॅट्रिकला फ्रेंच घेतलं होतं, ते सरांच्याच भरवशावर. कापसाच्या या गावात फ्रेंच शिकवणारे ते एकटेच. पण पुस्तकाबाहेरचं काही विचारलं, की एकच उत्तर, "सोमवारी सांगतो." आम्ही त्यांना मागून 'सोमवारवाले सर' म्हणायचो आणि पोट धरून हसायचो.

आज वही उघडली, तर आत फ्रेंचचे धडे. अक्षर सरांचं, पण चुकांवर लाल शाई दुसऱ्याच कोणाची!

मुलगी म्हणाली, "बाबा दर रविवारी एसटीनं यवतमाळले जायचे, एका गोऱ्या डॉक्टरीणबाईकडे फ्रेंच शिकाले. तुम्हाले कायले सांगतील? घाबरल्या असत्या ना तुम्ही."

म्हणजे सर आमच्यापेक्षा फक्त एक धडा पुढे होते! आणि आम्ही सहाही जणी पास झालो.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "शकू विचारते, पऱ्हाटीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात? बाईंना विचारणे."

खरं सांगते, कापसाच्या झाडाचा तो प्रश्न मी सरांची फजिती करायलाच विचारला होता.

तुम्हीही कोणत्या तरी सरांना असंच हसला असाल. त्यांचं नाव खाली लिहा. माझ्या सरांचं मी लिहिलंय.