रिकामे डबे

“डबे खाणारी ती हीच ना?”

काचेच्या दारामागून आवाज आला. मी बाहेर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले होते, गुडघे छातीशी घेऊन. डोंबिवलीतल्या एका प्री-स्कूलमध्ये टीचरच्या मुलाखतीला आलेले. आत दोघी हसल्या. मग मालकीणबाई बाहेर आल्या.

“अगं, सध्या जागा नाहीये.”

जागा होती. पाटी दारावरच लटकत होती.

“माझ्याबद्दल कोणी काय सांगितलंय?” मी विचारलं. त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. प्री-स्कूलच्या मालकांचा ग्रुप. माझा बालदिनाचा फोटो, डोक्यावर सशाचे कान. खाली माजिवड्याच्या माझ्या जुन्या प्री-स्कूलच्या मालकीण मॅडमनी लिहिलेलं: ‘ही मुलांचे डबे खाते. यांच्या घरी खायला नसतं. ठेवू नका.’

यांच्या. म्हणजे आईच्यासुद्धा.

“मला पाठवाल हे?”

त्यांनी पाठवलं. ही काही करेल, असं त्यांना वाटलं नसावं.

माजिवड्याच्या शाळेत एक नियम होता. डबा घरी रिकामा गेला पाहिजे. मूल जेवो, न जेवो. उरलेलं काळ्या पिशवीत ओतायचं. “आईला रिकामा डबा दिसला की ती खूश,” मॅडम म्हणायच्या, “पुढची अ‍ॅडमिशन पक्की.”

मला ते जमेना. कोपरला आमच्या घरी पहाटेपासून पोळ्या लाटल्या जातात. आई पोळीभाजीचे डबे देते. त्यावरच मी इंग्रजी शाळा शिकले. माझ्या वर्गातले डबे मी उरलेल्या घासांसकट बंद करून परत पाठवायचे.

एका आईने विचारलं, “बाकीची मुलं संपवतात, हाच का नाही?”

मी खरं सांगितलं. “कोणीच संपवत नाही. उरलेलं फेकतात.”

त्याच दुपारी मॅडमनी सगळ्या टीचर्ससमोर मला उभं केलं. पालकांशी त्या इंग्रजीत बोलायच्या, आमच्याशी मराठीत.

“पोळ्या विकणारीची मुलगी तू. आम्हाला शिकवणार?”

कोणी वर बघितलं नाही. मी गळ्यातलं आयकार्ड काढून टेबलावर ठेवलं. आणि तोंडातून निघालं, “सॉरी मॅम. थँक यू मॅम.” लहानपणी इंग्रजी शाळेत मला हेच सगळ्यात आधी शिकवलं होतं.

तो मेसेज वाचल्यावर मात्र झोप गेली. पोलीस चौकीत म्हणाले, बदनामी अदखलपात्र आहे, नोंद करून घेतो, पुढचं कोर्टात बघा. कल्याणला कोर्टाजवळ एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी सरळ सांगितलं. नोटीस पाठवता येईल: मेसेज काढा, त्याच ग्रुपवर माफी मागा. नाही ऐकलं तर भरपाईचा दिवाणी दावा. किंवा मॅजिस्ट्रेटपुढे फौजदारी तक्रार. डोंबिवलीच्या बाईंना साक्षीला बोलावू. वेळ लागेल.

“आणि एक. तक्रार करणाऱ्याला शपथेवर सांगावं लागतं. ते शब्द तुझ्या तोंडून यायला हवेत.”

ते शब्द मी आईलाही सांगितले नव्हते.

नोटिशीला उत्तर आलं: ‘आम्ही फक्त इतर शाळांना सावध केलं.’ त्या दिवशी आईला सगळं सांगितलं. तिचं लाटणं थांबलं. मग म्हणाली, “माझं नाव घ्यायला लाजू नको.”

आम्ही फौजदारी तक्रार केली. कोर्टात मी शपथ घेतली. बाजूला मॅडमचे वकील फाइल चाळत होते. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, काय लिहिलं होतं? मी सुरू केलं, इंग्रजीत, पुटपुटत.

“मोठ्याने बोला. आणि जे लिहिलं होतं तेच.”

मी मान वर केली.

“‘ही मुलांचे डबे खाते. यांच्या घरी खायला नसतं.’ हे माझ्याबद्दल लिहिलंय. खोटं आहे. माझी आई पोळीभाजीचे डबे करते. मी कोणाचा डबा खाल्ला नाही. मी तो फेकायला नकार दिला. लिहून घ्या.”