डाव्या बाजूचा फटका

आमचा बाप भेस्तानच्या एका खात्यात जॉबर होता. खातं म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आणि जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला आधी बोलावतात आणि नंतर शिव्या घालतात तो माणूस. पाना उचलण्याआधी तो मागाला कान लावायचा. मी इंजिनिअर झाल्यावर शेठनं मला असा सेन्सर बसवायला सांगितला की कान लावायची गरजच उरू नये. गरज कुणाची उरणार नाही, हे कळण्याइतकी अक्कल मला होती. तरी काम घेतलं. पहिलंच काम, आणि मला मिरवायची भारी हौस.

सेन्सर दर सेकंदाला एकदा मागाचा धक्का मोजायचा. पडद्यावर सरळ रेघ आली. बाप म्हणाला, "माग डावीकडे लंगडस."

शेठनं रेघ पाहिली. "काका, मशीन तो बराबर है. अब कान को भी रिटायर करो."

रात्री जेवताना बाप मला म्हणाला, "शेठ रोज अकराले येस. आम्ही रोज अकराले चहा पितस. त्याले वाटस, ह्या लोके दिनभर चहाच पितस."

माझा सेन्सरही त्या शेठसारखाच निघाला. माग सेकंदाला दोन फटके मारतो, एक उजवा, एक डावा. मी सेकंदातून एकदाच डोकावत होतो, म्हणजे दर वेळी उजवाच. डाव्याचं मी तोंडही पाहिलं नव्हतं. जे ज्या वेगानं हलतं, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा ते मोजावं, हे पहिल्याच धड्यात शिकवतात. त्या दिवशी मी बहुतेक कँटीनमध्ये होतो.

दुसऱ्या दिवशी सेकंदाला हजार वेळा मोजायला लावलं. डाव्या फटक्याला रेघ अशी लुळी पडली की शेठलाही दिसलं. बाप खरा ठरला. मी छाती फुगवून शेठकडे बघितलं.

शेठ खूश झाला. "वाह! अब तो काका की सचमुच जरूरत नहीं."

बापाला खरं ठरवता ठरवता मीच त्याला घरी बसवलं.

परवा आई मिक्सरवर चटणी वाटत होती. बाप पलंगावरूनच म्हणाला, "मिक्सरना बुश गया."

मिक्सर तर झकास फिरत होता, आतली बुशाची कडी झिजल्याचं मला तरी ऐकू येत नव्हतं. मी काही मोजायला गेलो नाही. सरळ तो उचलला आणि दुरुस्तीला नेला.