श्रीचा सव्वा रुपया

पहिल्या व्हाउचरला, म्हणजे नोंदीला, रक्कम नाही, एवढं स्क्रीनवर इंग्रजीत उमटलं आणि काम जागीच थांबलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गेवराईतली कापसाची आडत. मी बीडहून तिथलं अकाउंटिंग सॉफ्टवेअर बघायला जायचो. मालक अण्णा. कंप्युटरवर बसायच्या त्यांच्या सूनबाई, सुनंदावहिनी. बी.कॉम. झालेल्या. कंप्युटर त्यांच्याच हट्टानं आलेला.

अण्णांनी सकाळीच ऐकवलं होतं, "हिशोब इकडचा तिकडं झाला तर हे डबडं माळ्यावर अन् सून घरात. परत दुकानाची पायरी न्हाई."

वहिनी शेजारीच होत्या. त्यांनी मशीन चालू केलं.

जुनं मशीन आचके देत होतं. नव्या मशीनवर नवं व्हर्जन टाकायचं होतं. पण जुना डेटा एकदम उडी मारून नेता येत नाही. तिसऱ्या व्हर्जनमधून चौथ्यात, तिथून पाचव्यात, असा जिना चढावा लागतो. प्रत्येक पायरीआधी बॅकअप, म्हणजे फ्लॉपीवर प्रत. शिवाय ट्रायल बॅलन्सची प्रिंट, म्हणजे सगळ्या खात्यांची शिल्लक एका ठिकाणी. आधीची आणि नंतरची जुळली तरच पुढं जायचं. घाई करणाऱ्यांचा डेटा मी पाहिलाय, त्यांचे चेहरेही.

चौथ्यापर्यंत सुरळीत झालं. पाचव्यात त्या इंग्रजी ओळीवर अडलं. डेटा अर्धा जुना, अर्धा नवा, कशातच उघडेना. चौथ्याची फ्लॉपी घातली. ती इतकी करकरली की वहिनींनी डोळेच मिटले. सुदैवानं वाचली गेली.

पहिलं व्हाउचर उघडलं. नाव 'श्री'. रक्कम कोरी. दर वर्षाची पहिली नोंद तशीच.

"हे काय?"

"चोपडीच्या पहिल्या पानावर आधी श्री लिहितात ना," वहिनी म्हणाल्या. "कंप्युटरला पान कुठलं? म्हणून पहिलं व्हाउचर केलं."

जुन्या व्हर्जनला कोरी रक्कम चालायची. पाचव्याला चालेना.

"खोडून टाकतो," मी म्हणालो.

अण्णा ताडकन उठले. "श्री खोडता? कावून? धंदा बुडवायला आलाव का तुमी?"

"मशीनला ते कळत नाही, अण्णा."

"मग आमाला मशीन नको. उचला!"

मलाही राग आला. मी वायरला हात घातला. खरंच.

"मामंजी, चूक माझीच हाय," वहिनी सासऱ्यांना म्हणाल्या. "श्रीला आपण मोकळंच बसवलं. पूजेत सव्वा रुपया ठेवतोत का न्हाई?"

अण्णा थबकले. "ठेवतोत."

"मग इथं बी ठेवू."

"जुन्या वर्षांची शिल्लक बदलेल," मी म्हणालो. "सेल्स टॅक्सच्या ऑफिसात ती कधीच देऊन झालीय."

"रोखीतच सव्वा जमा, सव्वा नावे," वहिनी म्हणाल्या. " शिल्लक हलायची न्हाई."

प्रत्येक श्रीपुढं सव्वा रुपया टाकला. पुन्हा बॅकअप, पुन्हा पाचवं व्हर्जन. बाहेर कापसाच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, अण्णा त्यांच्यावरही खेकसले नाहीत. लाईट जाऊ नये म्हणून मी त्याच श्रीला हात जोडले.

झालं. नवी प्रिंट काढली. अण्णा जुनी वाचत गेले, वहिनी नवी. शेवटचं खातंही जुळलं.

अण्णांनी चष्मा काढला. "सुनंदा, खुर्ची पंख्याखाली घे. रोज बसायचं तर घामात कावून?"

तेव्हापासून अपग्रेडआधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, पहिल्या नोंदीत देव बसवलाय का? बसवला असेल तर त्याच्यापुढं आधी काहीतरी ठेवा.