रुमाल टाकलेली जागा

नंदुरबार स्टेशनात मी तिकिटं द्यायचो. एक म्हातारा दर सोमवारी सुरतेची दोन तिकिटं घ्यायचा, फलाटावरच्या बाकावर शेजारी रुमाल टाकून जागा धरायचा आणि गाडी दिसली की एक तिकीट परत करायचा. म्हणायचा, "बायको आजारी शे." मी नियमानं कापून उरलेले पैसे द्यायचो. ती केव्हाचीच वारली आहे, हे हमालानं मला सांगितलं होतं. पण विचारणार कोण?

एका सोमवारी तो कुडकुडत म्हणाला, "आज मन्हं तिकीट परत ल्या. मी आजारी शे. ती एकलीच जाई ऱ्हायनी."

गाडी सुटताना मी बाहेर आलो. तो फलाटावरच होता. त्याच्यासमोरचा डबा खच्चून भरलेला, तरी खिडकीतून त्यानं आत टाकलेल्या रुमालावर कुणी बसलं नव्हतं. रुमाल मात्र मधोमध दबलेला होता.