मोठेबाबांनी पारखलेला लॅपटॉप

जालन्याच्या कॉलेजात एम.एस्सी.ला कॉम्प्युटर घेतलं होतं, पण वाट्याला यायचा कॉम्प्युटरचा एक तृतीयांश. एकापुढे तिघी बसायचो. एक टाइप करायची, एक सांगायची आणि तिसरी जांभया द्यायची. जांभयांचं खातं माझ्याकडे होतं, कारण गावाकडची शेवटची एसटी गाठायची म्हणून माझं निम्मं लक्ष घड्याळात असायचं. दोन हजार सालानंतर आठ-नऊ वर्षं उलटली होती आणि ते वहीएवढे स्वस्त लॅपटॉप नुकतेच बाजारात आले होते. बाबांनी सोयाबीन विकलं आणि स्वतःच विषय काढला, "घेऊन टाक एकदाचा." मी उडीच मारणार होते. तेवढ्यात ते म्हणाले, "मोठेबाबांना संग ने. ते पारखतील."

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मंठ्याच्या बाजूच्या पाच-सात गावांत त्यांना विचारल्याशिवाय कुणी बैल घेत नसे. बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मलाही मान्य. पण लॅपटॉप? मी बाबांशी वाद घालायला लागले तशी आईनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"पोळ्याच्या आधी त्यांनी शेजारच्या भाऊंना बैल घेऊन दिल्ता, ठाव हाय ना? उजव्या डोळ्यानं आंधळा निघाला. तवापासून एक माणूस त्यांना बाजाराला बोलवायला आला न्हाई. दिवसभर ओट्यावर बसून राह्यतात. तुझं काय जातं गं? ने की!"

माझं बरंच काही जात होतं. वर्गातल्या एकीनं मोठा, चकचकीत लॅपटॉप घेतला होता आणि मला तसाच हवा होता. पण मोठेबाबा ओट्यावर पाय मुडपून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे न बघता बसलेले मलाही बघवत नव्हते. गेले त्यांना घेऊन.

दुकान होतं एका मारवाडी कुटुंबाचं, तीन पिढ्यांपासून जालन्यात असलेलं. पूर्वी तिथे सरकी-ढेप विकत. मुलानं कॉम्प्युटर आणले, पण गल्ल्यावर अजून म्हातारे बाबूजीच बसत. मोठेबाबांनी आत येऊन धोतर सावरलं आणि मुलाला हुकूम सोडला, "सगळे चालवून दाखवा. एक घंटा चालू ठेवा. उभ्या जनावराचं काय कळतं?"

मुलानं बिचाऱ्यानं पाच लॅपटॉप ओळीनं मांडून सुरू केले. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती. मी काउंटरवरचं माहितीपत्रक तोंडासमोर धरून 'मी यांच्यासोबत नाही' असा चेहरा केला. तो फार वेळ टिकला नाही, कारण मोठेबाबांनी मोठ्यानं हाक मारली, "पोरी, इकडं ये. याला धाप लागली बघ."

ते चकचकीत लॅपटॉपला कान लावून ऐकत होते. आतला पंखा खरंच घरघरत होता. मग त्यांनी त्याच्या पोटाखाली तळवा घातला. "ताप बी हाय. बिलकुल न्हाई घ्यायचा." दुसऱ्याची त्यांनी एकेक कळ अंगठ्यानं दाबून बघितली, पार वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे, दात मोजावेत तशी. शेवटून तिसरी कळ खाली जाऊन वर यायला वेळ लावते असा निकाल दिला. मुलगा म्हणाला, "काका, वो तो चलेगा." मोठेबाबा म्हणाले, "आज चलेगा. पेरणीत बसंल."

शेवटी ते आले सगळ्यांत छोट्या, काळ्या, मरतुकड्या दिसणाऱ्या लॅपटॉपपाशी. कान लावला, आवाज नाही. तळवा लावला, गार. कळा सगळ्या जाग्यावर. एका हातानं उचलून वजन बघितलं आणि विचारलं, "खातो किती?"

मुलगा आधी गोंधळला, मग समजून म्हणाला, "बॅटरी तीन तास जाते. पण काका, ये मत लो. यात विंडोज नाही, लिनक्स आहे. कोणी घेत नाही म्हणून पडलाय. घ्यायचाच असला तर विंडोज टाकून देतो, थोडा जुगाड करावा लागेल."

"ज्या सवयीचा हाय त्याच सवयीनं राहू द्या," मोठेबाबा म्हणाले. "नवी सवय लावायला गेलं की जनावर बिथरतं."

लिनक्स मला नवीन नव्हतं. आमचे सर आम्हाला लॅबमध्ये त्याच्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायला लावायचे. पण परीक्षेपुरतं ते आणि घरी आयुष्यभर ते, यात फरक आहे. मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. किमतीवरून तरी फिसकटेल अशी आशा होती. मोठेबाबा बाबूजींकडे गेले, खांद्यावरचं उपरणं काउंटरवर पसरलं आणि त्याखाली हात घातला. बाबूजींनी एक क्षण बघितलं, मग त्यांचाही हात उपरण्याखाली गेला. बैलबाजारात असाच बोटं धरून सौदा करतात, बाहेरच्याला आकडा कळत नाही. दोन म्हातारे समोरासमोर उभे राहून पाच मिनिटं बोटं दाबत होते. मुलगा तोंड उघडं टाकून उभा. मग दोघे एकदमच म्हणाले, "बराबर." सौदा झाला. कितीचा, हे बाबूजींनी सांगितल्यावर मुलाचं तोंड आणखी उघडलं.

पावतीवर सही करायला मला दुसऱ्या टेबलावर बोलावलं. पाच मिनिटंच गेले असेन. तेवढ्या वेळात खोकं बांधून तयार झालं होतं आणि दोन्ही म्हातारे एकमेकांना नमस्कार करत होते.

घरी येऊन खोकं उघडलं. आईनं लॅपटॉपवर हळदीकुंकू वाहिलं. मी खोक्यात हात घालून चाचपत राहिले. चार्जर नव्हता. थर्माकोल काढला, खोकं उलटं केलं. नाहीच.

"मोठेबाबा, यात एक काळी वायर होती का?"

"होती की. परत दिली."

"परत दिली?"

"मंग! इकणाऱ्याचं दावं आपण आणतो का कधी? बाबूजींच्या हातात दिलं. शहाणा माणूस. डोक्याला लावून ठेवून घेतलं."

आमच्याकडे बैल विकला की त्याच्या गळ्यातलं दावं विकणाऱ्याच्या घरीच राहतं. घेणारा आपलं नवं दावं घेऊन जातो. मी दुकानात फोन लावला. मुलगा हसत होता की रडत होता कळेना. "ताई, बाबूजींनी चार्जर देव्हाऱ्यात ठेवलाय. कुंकू लावून. मागितला तर म्हणतात, दावं वापस नहीं जाता, अपशकुन होतो." शेवटी उद्या तसलाच दुसरा चार्जर एसटीच्या कंडक्टरकडे देतो असं त्यानं कबूल केलं.

"घरी टेपरेकॉर्डरची वायर हाय ना," मोठेबाबा निरागसपणे म्हणाले. खरं तर वायर असून उपयोगही नव्हता, कारण गावात संध्याकाळपर्यंत लाइट नसायचीच.

बॅटरी मुळात पुरती भरलेली नव्हती, त्यात दुकानात तासभर चालवून ती निम्म्यावर आली होती. आणि मोठेबाबांनी कॉम्प्युटर पारखून आणला ही बातमी गावभर झाल्यामुळे चारच्या सुमाराला ओट्यावर वीस-पंचवीस माणसं जमली. शेजारचे भाऊही आले. तो आंधळा बैल यांचाच. पोळ्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्या अंगणात आले होते, पण ओट्यावर चढले नाहीत.

मी लॅपटॉप सुरू केला. चटकन सुरू झाला, माणसं खूश झाली. मोठेबाबा शेजारी ताठ बसले होते. कुणीतरी मोबाइलमधलं कार्ड काढून दिलं, "गाणं लाव." मी लावलं. त्यातलं एकही गाणं वाजेना. त्या गाण्यांसाठी लिनक्समध्ये वेगळी फाइल टाकावी लागते, इंटरनेटवरून. इंटरनेट आमच्याकडे कुठलं!

"मुका निघाला वाटतं," अंगणातून भाऊ म्हणाले. "आमचा आंधळा, ह्यांचा मुका."

सगळे हसले. मोठेबाबा हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि धोतराची किनार चिमटीत धरून चोळत बसले. मला भाऊंचा असा संताप आला की लॅपटॉप त्यांच्या डोक्यात घालावा. वजन कमी असल्यामुळे फार लागलंही नसतं.

"तुम्हाला काय बघायचंय ते सांगा," मी तणतणले. "गाणी सोडून काहीही."

तेवढ्यात भाऊंच्या मागून त्यांची बायको, आमच्या काकू, पुढे आल्या आणि पदराच्या गाठीतून एक पेनड्राइव्ह काढला. "हे बघशील का गं? आमच्या पोरीच्या लग्नाचे फोटो हायत यात. फोटोवाल्यानं एवढंच दिल्तं. मंठ्यात तिघांना दाखवलं. एकाचा तर कॉम्प्युटरच बंद पडला. मंग कोणी हातच लावंना." लेक सुरतेला दिली होती. वर्ष झालं, आली नव्हती.

पेनड्राइव्ह व्हायरसनं भरलेला होता. पण त्या व्हायरसची सगळी दादागिरी विंडोजपुरती. लिनक्सपुढे तो नुसता यादीतल्या एका ओळीत पडून होता, कुणी न ओळखलेल्या पाहुण्यासारखा. आणि त्यानं विंडोजपासून लपवून ठेवलेला फोल्डर इथे राजरोस दिसत होता. मी उघडला. हळद लागलेली, तोंडभर हसणारी त्यांची लेक पडद्यावर आली.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. भाऊ ओट्यावर कधी चढले कळलं नाही. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून बघायला लागली. बॅटरी संपत आली म्हणून मी भराभर फोटो पुढे सरकवत होते, आणि काकू, "थांब गं, थांब," म्हणत होत्या. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. एकटे मोठेबाबा लॅपटॉपच्या पाठीवर तळवा ठेवून समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"मोठेबाबा, बघा ना!"

ते माझ्या कानाशी वाकले. "मला कुठं दिसतंय, पोरी. सगळं धुरकट. दोन साल झाले. कोणाला बोलू नको."

मला एकदम उलगडा झाला. दुकानात पाचही लॅपटॉप त्यांनी कानानं, तळव्यानं, अंगठ्यानं पारखले होते. पडद्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. आणि मी माहितीपत्रकाआड तोंड लपवून उभी होते. माझी मलाच लाज वाटली.

पडदा काळा झाला. भाऊ घसा खाकरून म्हणाले, "दादा, येत्या बाजाराला येता का? बैलाला जोड लावायची हाय. मला एकट्याला जमत न्हाई."

मोठेबाबांनी लॅपटॉपच्या पाठीवरून हात फिरवला. "येतो," ते म्हणाले. "पण पोरगी संग येईल."

"पोरगी? बैलबाजारात? कामून?"

"डोळे ती बघंल. बाकी सगळं मी."

भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. मग जरा आणखी निरखून बघितलं. "मंग आधी सांगायचं न्हाई का, दादा," ते हळूच म्हणाले.

त्या बाजाराच्या दिवशी मी कॉलेज बुडवलं. एम.एस्सी. कॉम्प्युटरची विद्यार्थिनी भर बाजारात एका खिल्लारी बैलाच्या तोंडासमोर दोन बोटं नाचवत उभी होती, आणि बैलाच्या पोटाला कान लावून मोठेबाबा विचारत होते, "हं, उजवा?"

"उजवा बराबर," मी म्हटलं.