तपासून घेतलेले बारा दिवे

कौंडण्यपूरला जायचं ठरलं ते एका फोनमुळे, आणि तो फोनसुद्धा माझ्यासाठी नव्हता. अकोल्याच्या ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेने, तो आपल्या भावाला, माझ्या नवऱ्याला, केला होता. भाऊ आंघोळीला गेलेला, म्हणून मी उचलला. ताईंनी बाकी काही न बोलता विचारलं, "सुनंदा, न विझनारा दिवा कुठी भेटते?"

मी अमरावतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. विचित्र प्रश्नांची सवय आहे. पण यामागचं कारण मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी भाऊजींना, म्हणजे ताईंच्या यजमानांना, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. हा माणूस एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. तीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या. तो पाच महिने पाटीवर लिहून चहा मागत होता. तेव्हा ताई नवस बोलल्या: यांचा आवाज परत येऊ दे, कौंडण्यपूरला वर्धेत अकरा दिवे सोडीन, आणि घाटाखालच्या वळणावर जो उंबर आहे, त्याच्या पल्याड जाईपर्यंत एकही विझू देणार नाही.

आवाज परत आला, व्याजासकट. पण दिवे विझतच राहिले. दोनदा ताई जाऊन आल्या. द्रोणात तूप-वात घालून सोडलेले दिवे वाऱ्याने दहा हातांच्या आत विझले. तेव्हापासून भाऊजी बोलताना एखाद्या शब्दावर अडखळले की ताईंचा चेहरा बघवत नाही. त्यांना वाटतं, देवाने आवाज उधार दिलाय आणि आता तगादा लावलाय. त्या भाऊजींना बोलताना कधीही थांबवत नाहीत. दूधवाल्याशी अर्धा तास बोलले तरी नाही.

मी आधी सेलवर चालणाऱ्या पणत्या सुचवल्या. पाण्यात ठेवल्या की आपोआप लागतात. ताई म्हणाल्या, "खालून बटन हाय ना त्याले? ज्याले बंद कराचं बटन हाय, त्याले न विझनारा कसं म्हनाव?"

मग मला त्या चमकणाऱ्या कांड्या आठवल्या. प्लास्टिकची नळी, आत एक द्रव आणि काचेची बारीक कुपी. कांडी वाकवली की कुपी फुटते, दोन रसायनं एकत्र येतात आणि थंड उजेड पडतो. सेल नाही, वायर नाही, ज्योत नाही, बटन तर नाहीच. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली, "वाऱ्यानं?" वाऱ्याने काहीही होत नाही, म्हटलं. सहलीची तारीख त्याच क्षणी ठरली: कार्तिकातली यात्रा उरकल्यानंतरचा शनिवार. तुम्हाला जायचं असेल तर हाच काळ सांगेन. नदीला पाणी असतं, घाटावर गर्दी नसते, आणि दुपार सोडली तर हवा बरी असते.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन मी अकोल्याला गेले. शनिवारी सकाळी दहाला बाजारात, वाढदिवसाचं सामान विकणाऱ्या एका दुकानासमोर ताईंना उतरवलं. गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून भाऊजींना घेऊन पुढे गेले. जाताना मी जे वाक्य बोलले ते इथे प्रामाणिकपणे नोंदवते, कारण दोष माझा आहे. मी म्हटलं, "ताई, एकेक लावून बघून घ्या बरं का." बल्ब घ्या, झालर घ्या, आपल्याकडे दुकानदाराने लावून दाखवल्याशिवाय कोणी पैसे देत नाही. सवयीने तोंडातून गेलं. एकदा लागलेली कांडी बंद होत नाही, हे मला त्या वेळी माहीत असूनही आठवलं नाही.

परत आले तर काउंटरवर अकरा कांड्या हिरव्यागार पेटलेल्या आणि दुकानदार बारावी वाकवत होता. कट्ट. हलवली, ताईंना दाखवली.

"बाराच्या बारा ओके, काकू. आपल्या दुकानातून माल चेक झाल्याशिवाय जात नाही."

"आता बंद करा न् पुडक्यात भरा," ताई म्हणाल्या.

दुकानदाराने एक कांडी उलटसुलट फिरवली. मग दुसरी. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, चालू हाय म्हणजे माल चांगला हाय ना?"

दुसरं पाकीट नव्हतं. हा माल डिसेंबरात येतो म्हणाला. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: उजेड आठ तास. वापरण्याची मुदत मागच्याच वर्षी संपलेली. सकाळचे साडेदहा झाले होते. कौंडण्यपूरला अंधार पडायला सहा तरी वाजणार. दोनशे चाळीस रुपये दिले आणि तिथेच उभ्या उभ्या उरलेली बारीक अक्षरं वाचली. थंडीत उजेड मंदावतो पण जास्त टिकतो, उष्णतेत वाढतो पण लवकर संपतो. माझी गाडी उन्हात लावलेली होती.

शेजारच्या रसवंतीतून दोन किलो बर्फ घेतला. रसवंतीवाल्याने विचारलं, रस कितीचा? मी म्हटलं, रस नको. तो दुखावला, म्हणून तीन ग्लास रसही घेतला. बर्फ भाऊजींच्या पाण्याच्या मोठ्या जगमध्ये ओतला आणि बारा कांड्या त्यात उभ्या केल्या. झाकण अर्धपारदर्शक होतं. आतून हिरवा उजेड येत होता.

"दिवा बरफात?" ताई म्हणाल्या. "नवसबी थंडा पडन."

अकोला ते अमरावती हमरस्ता आता झकास आहे, दोन तास पुरतात. मागच्या सीटवर भाऊजी मांडीवर जग घेऊन बसले आणि निघाल्यापासून बोलत होते. बोरगाव मंजूला कोणता फलाट, मूर्तिजापूरला चहाची कोणती टपरी कोणत्या वर्षी कोणत्या ड्रायव्हरमुळे बंद पडली, सगळं. प्रत्येक गाव यायच्या आधी ते पुकारायचे. मी आरशातून झाकणाखालच्या उजेडाकडे बघत होते. ताई भाऊजींच्या तोंडाकडे. बडनेरा जवळ आल्यावर ते म्हणाले, "आता येनार... आता येनार..." आणि पुढे शब्दच येईना. ताईंनी माझा हात गच्च धरला, तोही गिअरवरचा. जवळपास अर्धा किलोमीटर गाडी त्याच गिअरमध्ये गेली.

"...बडनेरा," भाऊजी म्हणाले. "मी विचार करून राहिलो होतो, की ह्या जगातलं पानी प्याव का नाही."

प्यायचं नव्हतं. कांडी गळली तर काय, ही शंका मला रस्ताभर कुरतडत होती. त्यांना बाटली विकत घेऊन दिली. ते म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा जग मांडीवर घेऊन दुसऱ्याचं पाणी पितोय.

अमरावतीत जेवायला घरी न जाता गिला वडा खाल्ला. बाहेरगावच्या वाचकांसाठी: उडदाचा वडा, वरून कढीसारखं दही, चटणी, आणि थांबायची इच्छाशक्ती आपली आपण आणायची. जग टेबलावर होता. पोऱ्या नव्हे, चांगले मिशीवाले वेटर होते, ते बराच वेळ बघत राहिले.

"साहेब, याच्यात काय हाय?"

"उजेड," भाऊजी म्हणाले. "संध्याकाळी लागते म्हणून सकाळीच घेऊन ठेवला."

तिथून बर्फ बदलून कुऱ्ह्याच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता अरुंद आहे, मधेमधे उखडलेला, आणि कापूस भरलेल्या गाड्या समोरून येतात तेव्हा आपण खाली उतरायचं हे ठरलेलं. पेट्रोल अमरावतीतच भरून घ्या. याच रस्त्यावर ताईंचं आणि माझं बिनसलं. मी सुतळीची मोठी गुंडी आणली होती. अकराही द्रोण एकाच सुतळीला बांधायचे, नदीत सोडायचे आणि उंबर ओलांडला की ओढून घ्यायचे, असा माझा बेत. प्लास्टिक आणि रसायन नदीत सोडून यायचं माझ्या मनाला पटत नव्हतं. कासवं असतात, गुरं पाणी पितात.

"देवाले द्याचं न् वापस वढाचं?" ताई म्हणाल्या. "हे दिवे सोडनं नाही. पतंग उडवनं हाय."

मी म्हटलं, नदीपण देवाचीच आहे ना. ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. मला वाटत राहिलं की मी बरोबर आहे, आणि बरोबर असूनही मला बरं का वाटत नाही.

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. उंच काठावर देऊळ, खाली पायऱ्या, पुढे वर्धेचं रुंद पात्र. दर्शन निवांत झालं. आवारात एका कुटुंबाचा रोडग्यांचा स्वयंपाक चालू होता. गोवऱ्यांच्या धगीत कणकेचे जाड रोडगे, शेजारी वांग्याच्या भाजीचं पातेलं. साडेपाचला आम्ही त्याच चुलीजवळ जग उघडला. कांड्या बाहेर काढल्या. सगळ्या फिकट, आजाऱ्याच्या डोळ्यांसारख्या. हातात धरून चोळल्यावर हळूहळू दहा कांड्यांमध्ये जीव आला. दोन पांढऱ्याच राहिल्या.

दहा. नवस अकराचा.

ताई पायरीवर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी रोडगेवाल्या बाईंकडे गरम पाणी मागितलं. त्यांनी तांब्याभर दिलं आणि मला त्यात त्या दोन कांड्या बुडवताना बघून विचारलं, "बाई, हे शिजवाचं हाय का?"

एक कांडी तशीच राहिली. दुसरी आधी पिवळट झाली, मग एकदम इतकी लख्ख पेटली की बाईंनी हातातली पळी खाली ठेवली. ताई उठून उभ्या राहिल्या. मला माहीत होतं की ही दहा-पंधरा मिनिटांचीच पाहुणी आहे. मी ते ताईंना सांगितलं नाही. घाई करू या, एवढंच म्हटलं.

पळसाच्या द्रोणांत कांड्या बसवल्या, सुतळीला बांधल्या. गरम पाण्यातली सगळ्यात पुढे. वारा होता, चांगलाच होता. पहिल्या दिव्यावर ताईंनी सवयीने दोन्ही हातांचा आडोसा धरला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात काढून घेतले. दिवा तसाच होता.

अकरा दिवे ओळीने निघाले. मी सुतळी सोडत होते. भाऊजी, जे सकाळपासून एक क्षण थांबले नव्हते, ते गप्प. ताई दिव्यांकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काहून हो, बोलून नाही राहिले तुमी?"

"मोजून राहिलो," भाऊजी म्हणाले. "अकरा हायेत. मध्ये बोलू नको, चुकते."

उंबर आता फार लांब नव्हता. तेवढ्यात सुतळी संपली.

मी अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजलं होतं, सरळ रेषेत. नदी सरळ वाहत नाही, हे मला शाळेत शिकवलं होतं. पुढचा दिवा उंबराच्या अलीकडे वीसेक हातांवर अडून पाण्यात नाचत होता, आणि त्याचा उजेड मला माहीत होता तसा उतरू लागला होता. मी गुडघाभर पाण्यात गेले. आणखी एक पाऊल टाकलं, पायाखाली शेवाळ निसटलं. वळून बघितलं. ताईंनी मला "सोड" म्हटलं असतं, तर मी कदाचित वाद घातला असता. पण त्यांनी डोळे मिटले होते.

मी सुतळी सोडली.

ओळ एकदम वाकडी झाली, मग सरळ झाली, आणि एकेक करून उंबराच्या काळ्या सावलीमागे गेली. पहिला दिवा दिसेनासा झाला तेव्हा लागलेला होता. हे मी शपथेवर सांगू शकते. भाऊजींनी मोठ्याने शेवटचा आकडा म्हटला, अकरा, आणि लगेच पाय भिजवल्याबद्दल मला सर्दीवरचे तीन उपाय सांगितले. काठावर मासे धरणारा एक माणूस जाळं आवरत होता. तो म्हणाला, एवढी सुतळी वाया घालवली. रात्री आठला आम्ही अमरावतीत घरी होतो. ताई जेवताना दोनदा भात मागून जेवल्या.

मला मात्र झोप लागली नाही. पुढच्या रविवारी मी ताईंना न सांगता एसटीने परत कौंडण्यपूरला गेले, रबरी बूट आणि एक पोतं घेऊन. तोच मासेवाला भेटला. उंबराच्या पुढे बेशरमच्या झुडपात सगळी माळ अडकलेली त्याने दाखवली. द्रोण कुजलेले, कांड्या पांढऱ्या. मोजल्या: दहा. सगळ्यात पुढची नव्हती. तासभर चिखल तुडवला, ती सापडली नाही. दहा कांड्या घरी आणल्या. घंटागाडीवाल्याला विचारलं, हा कोणता कचरा? तो म्हणाला, मॅडम, तुम्हीच सांगा. अजून गॅलरीत पोत्यात आहेत. अकरावीचं काय झालं असेल, हा विचार पाणी भरताना येतो, ग्रंथालयात शिक्के मारताना येतो. मी चूक केली का? केली, असं वाटतं. पुन्हा तीच वेळ आली तर सुतळी धरून ठेवीन का, याचं उत्तर मात्र मी तुम्हाला छातीठोकपणे देऊ शकत नाही.

सगळं कबूल करून टाकावं, म्हणून काल अकोल्याला फोन लावला. भाऊजींनी उचलला. मूर्तिजापूरच्या बायपासपासून सुरुवात केली आणि वीस मिनिटांनी ते अजून मूर्तिजापुरातच होते. एवढ्यात मागून ताईंचा आवाज आला, अगदी सहज, भाजी निवडत असाव्यात तसा.

"पुरे करा हो आता. किती बोलता. तिलेबी बोलू द्या."

मी काय सांगणार होते ते मग सांगितलं नाही.