दुसऱ्याची गाठ

केन्झा सहा वर्षांची होती तेव्हा तिनं तामूकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि तेही हातावर चापट बसली म्हणून. आई आत हम्मामात, म्हणजे गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात, केस धूत होती. केन्झाचं अंग आधीच धुऊन झालं होतं, म्हणून तिला बाहेर तामूशेजारी टॉवेलात गुंडाळून बसवलं होतं. मागच्या फळ्यांवर बायकांची बोचकी ओळीनं ठेवलेली होती, आणि त्यातल्या एकातून संत्र्याचा वास येत होता. केन्झानं गाठीला हात घातला तोच चापट बसली.

"संत्रं तुझं आहे का?" तामूनं विचारलं.

"नाही."

"गाठ तुझी आहे?"

"नाही."

"मग हात मांडीवर."

तामू तेव्हा चोवीस वर्षांची होती. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला आणि ती मोरोक्कोतल्या मेकनेसच्या जुन्या शहरातल्या या अंजीर गल्लीत हम्मामच्या दाराशी बोचकी सांभाळायला बसली. त्या दिवशी आई बाहेर आली, तेव्हा काही न विचारता तामूनं चाळीसातलं नेमकं आईचं बोचकं काढून दिलं. केन्झानं घरी जाताना विचारलं, हिला कसं कळलं? आई म्हणाली, "ती तोंडं बघत नाही, गाठी बघते. प्रत्येकीची गाठ वेगळी."

पुढची पन्नास वर्षं तामू त्याच जागी बसून राहिली. गल्लीतल्या बायकांना तिच्याबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तिच्याकडे दिलेलं बोचकं ती उघडत नाही आणि आत काय आहे हे विचारत नाही. कुणी आंघोळ करून गेल्यावरही एखादं बोचकं ठेवून गेली, आठवड्यानं आली, महिन्यानं आली, तरी ते तसंच कोरड्या फळीवर असायचं. एकदा एक म्हातारी बोचकं मागे ठेवून वारली. तामू ते डोक्यावर घेऊन तिच्या घरी गेली आणि मुलीच्या हातात देऊन परत आली. आत काय होतं ते तिला आजही माहीत नाही.

केन्झा मोठी होऊन आईसारखीच नवऱ्या सजवू लागली. या कामात दागिने हेच भांडवल. मेकनेसच्या लग्नात नवरी एका रात्रीत पाच-सहा वेळा कपडे बदलते, आणि दर वेळी तिच्या अंगावर जे चढतं ते सजवणारीचं असतं. केन्झाकडे आईकडून आलेला सोन्याचा कमरपट्टा होता, मुकुट होता, हिरव्या खड्यांचे दोन लोलक होते. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका लग्नाहून परत आल्यावर तिनं पेटी उघडली, तर तिन्हींची जागा रिकामी. तिनं पोलिसात तक्रार दिली. संशय कुणावर, असं विचारल्यावर ती म्हणाली, "कुणावरच नाही." पेटी वाहणारी सुकैना तिच्याकडे अकरा वर्षं होती. तक्रार लिहून होईपर्यंत तीच केन्झाच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती.

तेवीस दिवसांनी सुकैना फेस शहराच्या सोनारबाजारात एक लोलक विकताना पकडली गेली. बाकीचं कुठे आहे विचारल्यावर तिनं सांगितलं, हम्मामात, तामूकडे.

ती बायकांच्या आंघोळीची वेळ होती. म्हणून एक पोलीसबाई एकटीच आत आली. तिनं विचारलं तसं तामूनं लगेच बोचकं काढून दिलं.

"कुणाचं हे?"

"सुकैनाचं."

"आत काय आहे?"

"मला काय माहीत?"

पोलीसबाई हसली. "तेवीस दिवस तुमच्या पाठीमागे होतं, आणि तुम्हाला माहीत नाही?"

तिनं गाठ सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना, तेव्हा खिशातून सुरी काढली. तामू म्हणाली, "कापू नकोस बाई. तिला बोलाव, ती सोडवेल." एवढ्यात कापड फाटलं आणि कमरपट्टा ओल्या फरशीवर पडला.

चोरीचा माल जवळ बाळगल्याचा गुन्हा तामूवर दाखल झाला. आपली शिक्षा हलकी व्हावी म्हणून सुकैनानं जबाबात सांगितलं की म्हातारीला सगळं माहीत होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची तामू दोन रात्री कोठडीत राहिली. मग जामिनावर सोडलं, पण हम्मामच्या मालकानं निरोप पाठवला की निकाल लागेपर्यंत येऊ नका. तिच्या जागी त्यानं आपली सून बसवली. बायका आता बोचकी बरोबर आत नेऊ लागल्या आणि कपडे ओले करून बाहेर येऊ लागल्या.

दागिने ओळखायला केन्झाला पोलीस ठाण्यात बोलावलं तेव्हा तामू तिथेच बाकावर बसलेली होती. केन्झा तिच्यासमोर उभी राहिली, पण तिच्या डोळ्यांत बघणं तिनं टाळलं. कारण खरं सांगायचं तर येताना वाटेत तिच्या मनात येऊन गेलं होतं, की माहीत असेल का हिला? पन्नास वर्षांत एकदाही गाठ सोडून बघावंसं वाटलं नसेल, असा माणूस असतो का?

तामूच आधी बोलली. "तुझे होते म्हणे, पोरी. चांगले ठेवले होते मी. वरच्या फळीवर, भिंतीला ओल नाही तिथे."

केन्झानं त्याच दिवशी तक्रार मागे घेते म्हणून सांगितलं. कारकून म्हणाला, "बाई, तुमची तक्रार तुम्ही मागे घ्या खुशाल. खटला सरकारचा आहे, तो चालणारच." तामूला मिळालेला वकील तरुण आणि घाईत होता. तो म्हणाला, "सगळी गल्ली सांगते की ती बोचकी उघडत नाही. पण सगळी गल्ली म्हणजे पुरावा नव्हे. जिनं तिच्याकडे खूप दिवस काही ठेवलं आणि जिला ते न उघडता परत मिळाल्याचं दाखवता येईल, अशी एक तरी बाई आणा. मी तिलाच नावं विचारली तर सांगत नाही."

"का सांगत नाही?"

"म्हणते, त्यांनी मला सांगितलं नाही की सांग म्हणून."

केन्झा घरी आली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ मटार सोलत बसली. अशी एक बाई तिला चांगलीच ठाऊक होती.

एकतीस वर्षांपूर्वी तिचं अल्लालशी नवं लग्न झालं होतं. अल्लाल चामड्याच्या चपला शिवायचा. त्याचा तेव्हा रागावर ताबा नव्हता, हातही उठायचा. एका गुरुवारी केन्झानं तामूकडे नेहमीच्या बोचक्याबरोबर दुसरं एक दिलं. त्यात एक झगा होता, बूट होते, आणि उज्दाला राहणाऱ्या बहिणीचा पत्ता होता. हम्मामातून परत घरी न जाता थेट गाडीतळावर जायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्या गुरुवारी ती गेली नाही. पुढच्या गुरुवारी तामूनं विचारलं, "दुसरं देऊ का आज?" केन्झा म्हणाली, "आज नको." असं तीन वर्षं चाललं. दर आठवड्याला तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि मध्ये तामूच्या तोंडून एक शब्द जास्त नाही. तोवर अल्लालचा बाप गेला, एक मूल झालं, अल्लाल हळूहळू निवत गेला, आणि एका हिवाळ्यात थंडी पडली म्हणून केन्झानं ते बोचकं मागून घेतलं आणि झगा अंगात घातला. अल्लालला यातलं काही माहीत नव्हतं. आता तो बासष्ट वर्षांचा होता, सकाळी तिच्याआधी उठून पुदिन्याचा चहा करायचा.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी ती अल्लालला म्हणाली, "उद्या मी साक्ष देणार आहे. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"का? एकटी जाणार?"

"तुमचे गुडघे दुखतात."

"कोर्टात बसायलाच तर बाकं असतात," अल्लाल म्हणाला, आणि आला.

न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचे दागिने चोरीला गेले, आणि तुम्हीच या बाईंच्या बाजूनं बोलता?"

"हो. मी यांच्याकडे एक बोचकं तीन वर्षं ठेवलं होतं. त्यांनी ते उघडलं नाही."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"गाठीत केस होता माझा." मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. केन्झा म्हणाली, "आम्ही नवऱ्या सजवणाऱ्या बाया पेटी बांधताना गाठीच्या आत स्वतःचा एक केस घालतो. गाठ सोडली की तो तुटतो. तीन वर्षांनी मी गाठ सोडली तेव्हा केस होता तसा होता."

"मग आपल्या दागिन्यांच्या पेटीला का नाही घातला?"

"घातला होता. सुकैनाला मीच शिकवलं होतं कसा घालायचा ते."

न्यायाधीशांनी मान हलवली. "आणि तीन वर्षं ठेवावं असं काय होतं त्यात?"

केन्झा मागे वळली नाही. "झगा, बूट आणि बहिणीचा पत्ता. घर सोडून जायचं होतं मला."

न्यायाधीशांनी तामूला पुढे बोलावलं.

"तीन वर्षांत तुम्हाला कधी वाटलं नाही, आत काय आहे बघावं?"

"वाटलं की," तामू म्हणाली. "बूट आहेत ते कळत होतं. हाताला टाच लागायची."

वकिलानं डोळे मिटून घेतले. न्यायाधीश पुढे झुकले. "म्हणजे हाताला कळतं तुमच्या. मग सुकैनाच्या बोचक्यात धातू आहे, हेही कळलं असेल."

"कळलं."

"तरी विचारलं नाहीत?"

"ती नवरीचं सामान वाहणारी बाई. अकरा वर्षं तेच करते. तिच्या बोचक्यात धातू नसता तर मी विचारात पडले असते." तामू जरा थांबली. "आणि साहेब, केन्झाच्या बोचक्यात बूट आहेत हे मला कळलं होतं. हम्मामात कुणी दुसरे बूट आणत नाही. तेव्हा विचारलं असतं तर तिनं ते परत नेलं असतं, आणि मग कुठे ठेवलं असतं तिनं?"

न्यायाधीशांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

घरी जाताना ऑलिव्हवाल्याच्या दुकानापाशी अल्लाल गुडघ्याला हात लावून थांबला.

"उज्दाची गाडी तेव्हा सकाळी सातला सुटायची," तो म्हणाला.

"सव्वासातला."

"बूट कुठले? मी शिवलेले?"

"नाही. विकतचे."

"हं," अल्लाल म्हणाला. "बरं केलंस. माझे तेव्हा टाचेला उसवायचे."

तो पुढे चालू लागला. त्या रात्री तो जेवला नाही, आणि पुढचे तीन-चार दिवस सकाळचा चहा केन्झानंच केला. पाचव्या दिवशी सकाळी केन्झा उठली तेव्हा चहा तयार होता.

निकाल आठवड्यानं लागला. माल चोरीचा आहे हे आरोपीला माहीत होतं असं सिद्ध होत नाही, म्हणून तामू सुटली. सुकैनाला दीड वर्षाची शिक्षा झाली. केन्झाला दागिने परत मिळाले, मात्र विकायला नेलेल्या लोलकातला एक खडा नव्हता. तो तिनं पुन्हा बसवला नाही.

हम्मामच्या मालकानं तामूला परत बोलावलं, पण तेवढ्यात त्यानं भिंतीला लोखंडी कपाटं बसवून घेतली होती, प्रत्येकाला कुलूप आणि किल्ली. "आता कुणाला त्रास नको," तो म्हणाला. तामूनं कपाटांकडे पाहिलं आणि विचारलं, "मग मी कशाला?" त्याचं उत्तर बायकांनीच दिलं. किल्ली घेऊन आत गेलं तर ती साबणात हरवते, म्हणून त्या कपडे कपाटात ठेवू लागल्या आणि किल्ली तामूकडे देऊ लागल्या. प्रत्येकीनं किल्लीला आपली चिंधी बांधली. कुठली चिंधी कुणाची हे तामूला विचारावं लागत नाही.

एकदा केन्झानं तिला विचारलं, "मावशी, पुन्हा कुणी बोचकं ठेवून गेली तर?"

"ठेवीन."

"इतकं झाल्यावर?"

"पोलीसबाईनं मला सांगितलं, यापुढे उघडून बघत जा. मी म्हटलं, बरं." तामूनं एक किल्ली उचलून दुसऱ्या खिळ्याला लावली. "उघडून बघितलं तर बायका ठेवतील का गं?"

तामू आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. सोमवार सोडून रोज दुपारी बारा ते सहा ती दाराशी बसते. जुन्या फळ्यांपैकी एक मालकानं काढलेली नाही, आणि सध्या त्या फळीवर तीन बोचकी आहेत.